एक कान आवळलेला

४ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

तू मास्तरीण नाहीस, संग्रहालयात नोकरीला आहेस, हे मला ठाऊक आहे. पण घरात पहिल्यांदा कुणी पदवी आणली तेव्हा जे नाव पडलं ते पडलं. भाचीचं नाव बदलायचा अधिकार मामाला आहे, तो मी वापरत नाही, इतकंच.

काम आहे म्हणून लिहितो. फोन केला असता, पण आमच्या घरात फोन जिथे आहे तिथेच तुझी मामी दिवसभर शिवणयंत्रावर बसलेली असते. तिला यातलं काही कळायला नको. उत्तर घरी नको, दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

पुलाजवळच्या भंगारवाल्याकडे सीमेवरून सामानाचा ट्रक आला होता. हेल्मेटं, खाटा, डबे, असलं सगळं. त्यात एक जुना दोरीचा ढोल होता, पलटणीबरोबर चालताना वाजवायचे तसला. मी धावत गेलो तेव्हा तो म्हणाला, "उशीर केलात. संग्रहालयवाले कालच घेऊन गेले." तुझंच संग्रहालय.

माझ्या पोराला, तुझ्या दादाला, बेपत्ता होऊन वर्ष होत आलं. पलटणीच्या कार्यालयाला कितीही पत्रं लिहा, उत्तरात तोच शब्द येतो, बेपत्ता. तुला माहीत आहे ना, लढाई सुरू झाली की त्याच्यासारखे पलटणीचे बँडवाले वाद्यं खाली ठेवतात आणि स्ट्रेचर उचलतात. दादाने ढोल कुठे ठेवला ते कळलं, तर तो कुठपर्यंत पोचला होता ते तरी कळेल. म्हणून मी वर्षभर भंगारवाल्यांचे उंबरे झिजवतोय. घरात ढोलांची रांग लागली आहे. गल्लीतले म्हणतात, म्हाताऱ्याला संग्रह करायचा नाद लागला. म्हणोत बापडे.

आता खुणा लिहून घे. खोड अक्रोडाचं. वरचं कडं लाल, खालचं काळं, पण रंग काय, कुणीही फासतो. हवा जायचं जे भोक असतं त्याभोवती पितळी खिळ्यांचं दुहेरी वर्तुळ, त्यात तळाचा एक खिळा मुळातच नाही. आणि मुख्य म्हणजे दादा डावखुरा. सगळी पलटण ढोल डाव्या मांडीवर घेते, हा उजव्या. तेव्हा खोड कुठल्या बाजूला घासलं आहे ते बघ.

आणखी एक खूण आहे. ती सांगणार नाही, पोटात ठेवतो. हा आम्हा ढोल दुरुस्त करणाऱ्यांचा नियम. सगळ्या खुणा सांगितल्या की समोरचा माणूस तुला हवं तेच दाखवतो. एकदा मी त्या भंगारवाल्याला खिळ्याचं बोललो, तर पुढच्या आठवड्यात त्याने एका ढोलाचा खिळा उपटून माझ्यापुढे ठेवला. तू तसं करणार नाहीस. पण तुझंही माझ्यावर प्रेम आहे, म्हणून तुलाही नाही.

तुझा,
मामा

११ फेब्रुवारी

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

ढोल आमच्याकडे आहे. तळमजल्यावरच्या खोलीत, एका फळीवर. तुमचं पत्र आलं त्याच्या आधीच तो माझ्या हाताखालून गेला होता, कारण आलेल्या वस्तूंची पहिली सफाई माझ्याकडे असते. मी त्याला मऊ ब्रशने पुसलं तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, याचंच आज मला वाईट वाटतंय.

पत्र वाचून पुन्हा खाली गेले. खोड अक्रोडाचंच. कड्यांचा रंग उडाला आहे, लाल होतं की तपकिरी ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पुढचं पलटणीचं चिन्ह कुणीतरी खरवडून काढलं आहे. पितळी खिळे सगळेच उपटलेत, बहुतेक पितळेसाठी. नुसती भोकं राहिली आहेत, त्यातली बरीच लाकूड चिरल्याने एकमेकांत मिसळली आहेत. तळाचा खिळा होता की नव्हता हे त्यावरून कळत नाही.

घासल्याची खूण मात्र आहे, मामा. आणि ती उजव्या मांडीवर घेणाऱ्याची आहे.

हे लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. पुन्हा उचलते. डावखुरा ढोलवाला जगात एकटा दादाच नाही. माझ्या साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, जुना ढोल कितीतरी हातांतून जातो, एका खुणेवर निदान करायचं नसतं. ते बरोबर आहे. पण माझा हात त्या घासलेल्या जागेवर ठेवला तेव्हा ती जागा अगदी गुळगुळीत लागली, माणसाच्या अंगाने केलेली.

तुम्हाला एक वचन देते. जे दिसेल तेच लिहीन. तुम्हाला बरं वाटावं म्हणून एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही. मी शिकले ती यासाठीच.

ढोल सुखरूप आहे. नियमाप्रमाणे दोराचा सगळा ताण उतरवला आहे, म्हणजे कडी वाकणार नाहीत. आतून बघायचं तर वरचं कातडं काढावं लागेल, त्यासाठी परवानगी मागितली आहे.

मामीला किती दिवस अंधारात ठेवणार?

तुमची,
मास्तरीण

१५ फेब्रुवारी

चि. मास्तरीण,

कातडं काढू नकोस! परवानगीचा कागद आला तरी तो फाडून टाक. जुनं कातडं एकदा कड्यावरून सुटलं की परत बसत नाही, तडकतं. भोकातून दातांच्या डॉक्टरचा आरसा घाल आणि बारीक टॉर्च. सगळं आतलं दिसतं. आम्ही जन्मभर असंच बघत आलो.

दुसरं. तू लिहितेस, ताण उतरवला. दोरावर चामड्याचे जे कान असतात, ते खाली ओढले की दोर आवळतो आणि वर सारले की सैल पडतो, हे तुला माहीत असणारच. मला एवढंच सांग की ढोल आला तेव्हा सगळे कान सैल होते का? की एखादा आवळलेला होता? नीट आठव. घाई करू नकोस. पण लवकर लिही.

मामीचं विचारतेस. ती रोज बाहेरून आली की आधी दादाच्या चपला दारात सरळ करते. त्याने जाताना घातल्या नव्हत्या त्या. वर्षभर तिथेच आहेत, कोण वाकड्या करणार? तरी सरळ करते. तिला मी काय सांगू? "अगं, एक ढोल आला आहे, कदाचित त्याचा असेल, कदाचित नसेल"? हे "कदाचित" माझ्या एकट्याच्या उरावर आहे तेवढं पुरे आहे.

दुकानात गिऱ्हाईक आलं की मी आता दोर उलटा ओवतो. काल एका शाळेचा ढोल असाच बिघडवला. मास्तर म्हणाले, "बाबा, हात थकला तुमचा." मी म्हटलं, "हात नाही हो, डोकं."

लवकर लिही.

मामा

२७ फेब्रुवारी

ती. मामा,

आधी शेवट लिहिते, मग बाकीचं. तो ढोल दादाचा नाही!

परवा आरसा आणि टॉर्च घेऊन बसले. कातड्याला बोटही लावलं नाही. सुरुवातीला नुसती धूळ आणि कोळ्याचं जाळं. मग भोकाच्या बरोबर समोरच्या बाजूला एक उभी चीर दिसली, कडं ते कडं. आणि त्या चिरेवर काय लावलं असेल? कापड! निळ्या चौकड्यांच्या कापडाची एक पट्टी, सरसाने चिकटवलेली. कडेला तर नीट कापलेलीसुद्धा नाही, फाडलेली. सरसाचे ओघळ खाली वाळलेत.

मामा, मी लहानपणी सुट्टीत तुमच्या दुकानात बसायचे तेव्हा तुम्ही दादाला आणि मला काय शिकवलं होतं? "चिरेला लाकडाचीच पाचर. कापड लावतो तो ढोल दुरुस्त करणारा नाही, तो जखमेवर चिंधी बांधणारा." ते वाक्य मी इथे साहेबांनाही ऐकवलं. तुमच्या हाताखालून गेलेल्या ढोलात असं कापड असणं शक्यच नाही. ही कुणा अडाण्याची डागडुजी आहे. तेव्हा डावखुरा असला तरी तो कुणी दुसराच.

मी टॉर्च बंद केली आणि तिथेच रडले. साहेबांना वाटलं आरसा फुटला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कान सगळे सैल होते, एक सोडून. भोकाच्या डावीकडचा पहिला. तो गच्च आवळलेला होता. मला वाटलं चामडं वाळून अडकलं असेल, म्हणून तेलाचं बोट लावून हळूच वर सारला. आता सगळे सारखे आहेत.

आता तरी नीट जेवा. आणि पोटातली खूण कोणती होती ते मला सांगून टाका, आता काय हरकत आहे?

तुमची,
मास्तरीण

४ मार्च

चि. मास्तरीण,

पत्र मिळालं. तू फार नीट पाहिलंस. तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे.

तुझ्या मामीला सांगितलं, असा असा ढोल आला होता, मास्तरीणने तपासला, आपला नाही. ती खूश झाली. बऱ्याच दिवसांनी गुणगुणताना ऐकलं.

त्या ढोलावर एखादं स्वच्छ फडकं घाल. धूळ बसू नये.

मामा

२ एप्रिल

ती. मामा,

महिना झाला, तुमचं पत्र नाही. मी तीन लिहिली. रागावलात का? त्या "अडाणी" शब्दावर हसाल असं वाटलं होतं.

एक आनंदाची गोष्ट सांगते. तुम्ही जमवलेल्या ढोलांबद्दल मी साहेबांशी बोलले. त्यांना ते बघायचे आहेत, त्यांचं प्रदर्शन भरवायचं आहे. एका माणसाने, कुणाची मदत नसताना, वर्षभरात इतके जुने पलटणीचे ढोल वाचवले, भंगारात तुटण्यापासून. तुम्ही ते दादासाठी केलंत, पण झालं ते सगळ्यांसाठी. प्रत्येकाची ओळख तुम्ही सांगायची आणि मी लिहायची. दादा आला की त्याच्या हस्ते पहिलं फडकं काढू.

तुम्हाला आठवतं, माझा निकाल लागला तेव्हा तुम्ही आणि दादाने दारात ढोल वाजवला होता? समोरची आजी खिडकीतून ओरडली, "कोण गेलं रे?" आणि दादा म्हणाला, "अडाणीपण गेलं, आजी! आमच्या घरातून निघालं एकदाचं!" तो आवाज मला अजून ऐकू येतो. मामा, उत्तर द्या.

मास्तरीण

१९ एप्रिल

चि. बाळास आशीर्वाद.

मी मामी. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर हसू नको. दुकानात त्यांच्या खणात तुझा पत्ता सापडला. तुझी पत्रं तिथेच होती, पण मी उघडली नाहीत. दुसऱ्याचं पत्र वाचू नये एवढं मला न शिकता कळतं.

तू मामांना काय लिहिलंस?

तो ढोल आपला नाही, असं मला सांगितलं. मी चपलांना पॉलिश केलं त्या दिवशी. मग माणूस असा का वागतोय? दुकान उघडत नाहीत. ढोल बघायला जात नाहीत. भंगारवाला स्वतः घरी येऊन गेला, "आणखी एक आलाय, काका," तर त्याला म्हणाले, "आता नको." त्यालाही नवल वाटलं. माझा जीव उडाला.

आणि काल. काल ते घरातल्या सगळ्या ढोलांपुढून एकेक करत गेले आणि त्यांचा आवळलेला कान सोडत गेले.

तुला हे माहीत नसेल. तू लहानपणी दुकान बघितलंस, घर नाही. आमच्याकडे ढोल खाली ठेवला की सगळे कान सैल करतात पण एक आवळलेला ठेवतात. याचा अर्थ वाजवणारा परत येणार आहे, दुसऱ्याने हात लावू नये. सासऱ्यांपासूनची रीत. बाप भोकाच्या उजवीकडचा ठेवायचा, पोरगं डावखुरं म्हणून डावीकडचा. केर काढताना मी त्यावरून ओळखायची कुणाचा ढोल कुठला. सासरे गेले तेव्हा त्यांच्या ढोलाचा तो कान यांनी स्वतः सोडला होता. आणलेल्या परक्या ढोलांचासुद्धा हे एकेक कान आवळून ठेवत होते, म्हणायचे, याचाही कुणी असेल. आता सगळे सोडले. मी विचारलं, "हे काय चाललंय?" तर म्हणाले, "कडी वाकतात."

मग पेटी उघडून पोराचं लहानपणीचं दुपटं काढलं. निळ्या चौकड्यांचं. त्याचं अर्धंच राहिलंय. अर्धं त्याच्या ढोलाच्या पोटात आहे. पलटणीत जायच्या आदल्या दिवशी ढोल जिन्यावरून पडून चिरला, पाचर मारायला वेळ नव्हता, सरस तेवढा होता. पोरगंच म्हणालं, "बाबा, लावा हे दुपटं, तिकडे मला थंडी वाजेल." आम्ही तिघं किती हसलो होतो. आता हे ते अर्धं मांडीवर घेऊन बसतात.

तू शिकलेली आहेस. मला गोड बोलू नको. काय आहे ते सांग.

मामी

२३ एप्रिल

ती. मामी आणि मामा,

हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवते आहे आणि दोघांच्या नावाने. मामा, तुम्ही नको म्हणाला होता. माफ करा. मामी, हे बसून वाचा आणि मामांना शेजारी बसवा.

तो ढोल दादाचा आहे.

त्याच्या पोटात निळ्या चौकड्यांची पट्टी आहे. मी ती पाहिली आणि मामांना आनंदाने लिहिलं की हे कुणा अडाण्याचं काम, म्हणून आपला नाही. वचन दिलं होतं की जे दिसेल तेच लिहीन. पण मी दिसलं त्याच्या पुढचंही लिहिलं, निकाल देऊन टाकला. मामांनी पोटात ठेवलेली खूण मीच त्यांच्या हातात नेऊन दिली, आणि वर विचारलं, ती कोणती होती सांगा. दीड महिना ते हे एकटे घेऊन बसले, आणि मी त्यांना प्रदर्शनाची पत्रं लिहीत होते.

आता मला फक्त जे दिसलं तेच लिहायचं आहे. खोडाला गोळीची खूण नाही. डाग नाहीत. मी पुन्हा इंच-इंच बघितलं. कातडी दोन्ही धड आहेत. कान सगळे सैल केलेले होते, एकेक करून, सारख्या उंचीवर. घाईत टाकलेल्या ढोलाचे असे नसतात. आणि भोकाच्या डावीकडचा पहिला आवळलेला होता. म्हणजे ढोल कुणी त्याच्याकडून ओढून घेतला नव्हता. तो त्याने स्वतः खाली ठेवला, घरच्यासारखा ठेवला, आणि मग स्ट्रेचर उचलायला गेला. परत येऊन वाजवायचा म्हणून गेला.

पुढचं ढोलाला माहीत नाही. मलाही नाही. दादा आहे असं मी लिहिणार नाही, तो नाही असंही लिहिणार नाही. मामी, तुम्ही गोड बोलू नको म्हणालात.

तो कान मी सोडला. माझ्या हाताने, तेल लावून. त्याने आपल्यासाठी ठेवलेली एकच गोष्ट होती ती. तुमचं पत्र वाचलं तेव्हा मी बसमध्ये होते, तशीच उतरून चालत परत संग्रहालयात गेले. खोलीत साहेब होते. म्हणाले, "ताण द्यायचा नाही, नियम आहे." मी म्हटलं, "साहेब, ही या वस्तूची ओळख आहे. ती मी पुसली होती, परत लिहिते आहे." मग काय वाटलं त्यांना कुणास ठाऊक, उठून बाहेर गेले. मी तो कान खाली ओढला. चामडं कुरकुरलं. जिथे आधी होता तिथे दोरावर फिकट रेघ आहे, बरोबर तिथे आणून थांबवला.

हे करून काय झालं, मला माहीत नाही. काहीच झालं नसेल. पण मामा, तुम्ही ते सगळे कान सोडलेत ते माझ्या पत्रामुळे. मला बोला, रागवा, पण काहीतरी लिहा.

मास्तरीण

३ मे

चि. मास्तरीण,

लिहितो. अक्षर लावून घे.

तुझ्या मामीने पत्र मोठ्याने वाचलं. मधे थांबली नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दीड महिना एकट्याने खाल्लंत. मला काय पाहुणी समजता?" आणि तशीच आत गेली. मला वाटलं, आता ही मोडली. आतून आवाज आला चामड्याचा. एकेका ढोलाचा कान ओढत होती. तिला ते नीट येत नाही, दोन तर चुकीचेच ओढले. मी उठलो आणि दाखवलं.

तू लिहितेस, परत येऊन वाजवायचा म्हणून गेला. ते मला तुझ्या आधीच्या पत्रातच कळलं होतं. पण तू तरुण आहेस, तू तो कान एका बाजूने वाचतेस. मी दुसऱ्या बाजूने वाचला. ज्याला यायचंच होतं तो वर्षभरात आला नाही. अजूनही मला तसाच वाचता येतो. तुला खोटं कशाला सांगू? मामी मात्र म्हणते, "वाचत बसू नका. कान सोडायचा हक्क ज्याचा त्याचा." सासऱ्यांचा कान मी सोडला तेव्हा सासरे समोर निजवलेले होते, हेही तिने लक्षात आणून दिलं. माझे वडील, तिचे सासरे. तिच्यासारखं बोलायला लागलो बघ.

ती कापडाची डागडुजी अडाणीच आहे, तुझं बरोबर होतं. पाचरच हवी होती. तो आला की मारीन.

ढोल तिथेच राहू दे. इथे आणला तर ती त्याच्याकडे बघत बसेल आणि मी तिच्याकडे. तिथे तू आहेस. तुझे साहेब बदलतील, नवे येतील, ते पुन्हा नियम सांगतील, त्यांना सांग की घरचे जिवंत आहेत, त्यांना विचारा. दमट दिवसांत दोर आपोआप आवळतो, तेव्हा तो कान केसभर वर घे, नाहीतर कडं खरंच वाकेल. हवा कोरडी झाली की पुन्हा रेघेवर आण. हे विसरू नकोस. केसभरच. पूर्ण सोडायचा नाही.

तुझा,
मामा